लग्नाआधी दात पांढरे करून घ्यायचेत, पण डॉक्टर म्हणतात आधी हिरड्या

मुक्ता_होटगीरोड

नमस्कार मंडळी,

धाकट्या बहिणीचं लग्न मार्गशीर्षात आहे. तिचे दात सरळ आहेत, दुखत-खुपत काही नाही, पण रंग पिवळट आहे आणि खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला खडबडीत थर बसलाय. फोटो काढताना ती ओठ मिटूनच हसते. साखरपुड्याचे फोटो बघून तीच म्हणाली, लग्नात मला मोकळं हसायचंय.

चौकशी केली तर दोन ठिकाणी दोन उत्तरं मिळाली. एका पार्लरच्या ब्रायडल पॅकेजमध्ये फेशियल, हेअर स्पा आणि 'टीथ व्हाइटनिंग' एकत्र आहे. निळ्या दिव्याचं मशीन आहे, अर्ध्या तासात काम होतं म्हणाले. मग आम्ही डेंटिस्टकडे गेलो. त्यांनी तोंड तपासलं, हिरडीच्या कडेला बारीक सळई लावून बघितली तर लगेच रक्त आलं. म्हणाले, आधी स्केलिंग (दातांवरचा कडक थर खरवडून काढणं) करू, दोन आठवड्यांनी हिरड्या परत बघू, एका दाढेत कीड सुरू झालीय ती भरू आणि मग रंगाचं बोलू.

आता घरात तीन मतं आहेत. आई म्हणते स्केलिंग केलं की दात हलायला लागतात, शेजारच्या काकूंचे हलले. बाबा म्हणतात डॉक्टर बिल वाढवतायत. बहिणीला फक्त रंग हवाय.

व्हाइटनिंगचा आणि तोंडाच्या आरोग्याचा खरंच एवढा संबंध असतो का? की रंग ही वेगळी गोष्ट आहे, पार्लरमध्ये उरकून घ्यायला हरकत नाही? ज्यांनी करून घेतलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

---

पार्क_चौपाटी

फोटोग्राफरला सांगा की बे, तो दात काय, अख्खा मांडव पांढरा करून देतो :)

गंमत सोडा, बहिणीचं अभिनंदन! जाणकार येतीलच.

---

अविनाश_जुळे

मुक्ताताई, स्केलिंगने दात हलत नाहीत. मी दरवर्षी करून घेतो. पहिल्यांदा केलं तेव्हा खालच्या दातांमध्ये फटी जाणवल्या, जीभ सारखी तिथेच जायची, थंड पाणी लागायचं. डॉक्टरांनी आरशात दाखवलं: त्या फटी आधीपासूनच होत्या, त्यात कीटण, म्हणजे दातावर बसलेला कडक थर, भरलेलं होतं. कीटणामुळे हिरडी खाली सरकलेली असते. ते काढलं की मोकळी जागा दिसते आणि माणूस म्हणतो स्केलिंगने दात सुटे झाले.

ज्यांचे खूपच हलतात त्यांचं हाड आधीच झिजलेलं असतं, नुसत्या कीटणाने दात धरून ठेवलेले असतात. तुमच्या शेजारच्या काकूंचं तसंच झालं असेल. बहीण तरुण आहे, तिला काही होणार नाही.

---

बसवराज_के

मी थोडा वेगळा विचार मांडतो. पार्लरवाल्या बायकासुद्धा कोर्स करून येतात, मशीन विकत घेतात, त्यांनाही पोट आहे. प्रत्येक गोष्ट डॉक्टरकडेच झाली पाहिजे हा हट्ट कशाला? माझ्या मेव्हणीने पार्लरमध्ये करून घेतलं, छान झालं, काही त्रास नाही. रंग पांढरा म्हणजे दात चांगले, एवढं सरळ आहे.

---

डॉ_ऋता

मी दंतवैद्य आहे, रोज हेच काम करते, म्हणून जरा लांब लिहिते.

मुक्ता, तुमच्या बहिणीच्या दातांवर तीन वेगळ्या गोष्टी असू शकतात आणि तिन्हींना इलाज वेगळा आहे. पहिलं, कीटण. जंतूंचा मऊ थर रोज नीट निघाला नाही की लाळेतल्या खनिजांमुळे तो कडक होतो. खालच्या पुढच्या दातांच्या मागे लाळग्रंथीचं तोंड असतं, म्हणून थर तिथेच सर्वांत आधी बसतो. तो ब्रशने निघत नाही, स्केलिंगच लागतं. दुसरं, वरचे डाग: चहा, कॉफी, हळद, तंबाखू, काही औषधं. हे स्केलिंग आणि पॉलिशिंगने बरेचसे जातात. तिसरा दाताचा स्वतःचा रंग. वरचं एनॅमल अर्धपारदर्शक असतं आणि त्याच्या आतलं डेंटिन मुळातच पिवळसर. वयाबरोबर एनॅमल झिजून पातळ होतं आणि आतला पिवळा रंग जास्त दिसतो. हा रंग फक्त ब्लीचिंगने बदलतो, ज्याला सगळे व्हाइटनिंग म्हणतात.

आता संबंध कुठे आहे ते. ब्लीचच्या जेलमध्ये हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा कार्बामाइड पेरॉक्साइड असतं. ते एनॅमलमधून आत शिरतं आणि रंगद्रव्याचे मोठे रेणू फोडतं. दात घासून पातळ करण्याचा यात काही भाग नाही. पण तेच पेरॉक्साइड किडलेल्या खड्ड्यातून, गळक्या फिलिंगच्या कडेतून, तडकलेल्या दातातून किंवा हिरडी खाली सरकून उघड्या पडलेल्या मुळावर गेलं तर जबरदस्त कळ येते. सुजलेल्या हिरडीला लागलं तर ती भाजते. शिवाय जिथे कीटण आहे तिथे जेल दातापर्यंत पोचतच नाही. म्हणजे तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेला क्रम बिल वाढवण्यासाठी नाही, तोच बरोबर क्रम आहे. मीही हेच सांगितलं असतं.

बसवराजजी, पार्लरच्या मेहनतीबद्दल मला पूर्ण आदर आहे. पण पांढरा दात म्हणजे निरोगी दात हे खरं नाही. पांढऱ्याशुभ्र दाताच्या मुळाशी पू असू शकतो, आणि पिवळसर दात नव्वदीपर्यंत भाकरी चावू शकतो. आपल्या देशात दातांवर उपचार करायला कायद्याने दंतवैद्य म्हणून नोंदणी लागते. पार्लरमध्ये कीड, हिरडी, फिलिंग कोण तपासणार? तुमच्या मेव्हणीला त्रास झाला नाही याचा मला आनंद आहे. ज्यांना होतो ते हिरडी पांढरी पडून सोलवटली की माझ्याकडे येतात.

---

बसवराज_के

डॉक्टर, नोंदणीचा मुद्दा मान्य. पण मग गरिबाने हसूच नये का? क्लिनिकमधल्या व्हाइटनिंगचा खर्च स्केलिंगच्या कितीतरी पट असतो. पार्लर स्वस्तात देतं म्हणून लोक जातात.

---

डॉ_ऋता

खर्चाचा मुद्दा रास्त आहे. म्हणूनच माझा आग्रह स्केलिंगवर आहे. ते व्हाइटनिंगपेक्षा खूप स्वस्त पडतं आणि बऱ्याच जणांना त्यानंतर ब्लीचची गरजच वाटत नाही. ज्याला ब्लीच करायचंच आहे त्याला ट्रेचा मार्ग आहे. दातांचं माप घेऊन पातळ ट्रे बनवतात, त्यात कमी ताकदीचं जेल भरून रात्री घालायचा. ही पद्धत १९८९ मध्ये हेवुड आणि हेमन या अमेरिकी दंतवैद्यांनी प्रसिद्ध केली आणि अजूनही ती सगळ्यात भरवशाची मानली जाते. १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइड म्हणजे साधारण ३.५ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड. क्लिनिकमध्ये खुर्चीवर वापरतात ते २५ ते ४० टक्क्यांपर्यंत असतं, म्हणून तिथे हिरडीवर आधी संरक्षक थर लावावाच लागतो. युरोपात २०१२ पासून ६ टक्क्यांपर्यंतचं जेल फक्त दंतवैद्यामार्फत मिळतं आणि १८ वर्षांखालच्यांना देत नाहीत.

आणि तो निळा दिवा. काम जेल करतं. दिव्यामुळे रंग जास्त काळ टिकतो असं नाही. खुर्चीतून उठताना दात जे झगझगीत दिसतात त्यात थोडा भाग दात कोरडे पडल्याचा असतो. लाळेने ओले झाले की दोन-तीन दिवसांत खरा रंग कळतो.

---

रंगारी_दादा

मी पेंटिंगची कामं घेतो, पंचवीसेक वर्षं झाली. ओल आलेल्या भिंतीला रंग मारून द्या म्हणणारी गिऱ्हाइकं मला दरवर्षी भेटतात. मी आधी ओल काढतो, तेव्हाच ब्रश उचलतो. डॉक्टरबाई बरोबर सांगतायत.

---

कडक_भाकरी

एवढा खर्च कशाला? लिंबू आणि खायचा सोडा. आमच्या घरी सगळे आठवड्यातून एकदा घासतात. नाहीतर कोळशाची पूड आणि मीठ. पूर्वी कुठे होते डेंटिस्ट?

---

कुलकर्णी_सर

कडक_भाकरी, मी रसायनशास्त्र शिकवत होतो, तेवढ्या अधिकाराने सांगतो, लिंबू आजच थांबवा.

तोंडातला पीएच (आम्लतेचं माप, जितका कमी तितकं आंबट) साधारण ५.५ च्या खाली गेला की एनॅमलमधली खनिजं विरघळायला लागतात. लिंबाच्या रसाचा पीएच २ च्या आसपास असतो. मऊ झालेल्या एनॅमलवर तुम्ही सोडा, मीठ किंवा कोळसा घासता म्हणजे ते खरवडून काढता. पहिल्या दिवशी दात चकचकीत दिसतो, कारण वरचा डाग एनॅमलसकट जातो. एनॅमल परत तयार होत नाही. काही वर्षांनी आतला पिवळा थर जास्त उघडा पडतो, म्हणजे पांढरं करायला गेलात आणि कायमचं पिवळं करून बसलात.

सरबत, चिंचेचं सार, कोल्ड्रिंक घेतल्यावरही लगेच ब्रश करू नका. चूळ भरा, अर्धा तास थांबा, लाळ आपलं काम करते.

---

कडक_भाकरी

सर, तुमचं ऐकतो. आजीपासून चालत आलं होतं म्हणून करत होतो. मुलांचं आजच बंद केलं.

---

लक्ष्मी_साखरपेठ

मी या धाग्यावर दोन दिवस नुसती वाचत होते. आज लिहिते, कारण आपल्या सोलापुरात दातांच्या रंगाचं बोलायचं आणि मिसरीचं नाव काढायचं नाही, हे मला पटत नाही.

माझी आई विड्या वळायची. आमच्या पद्मशाली घरांत जवळजवळ प्रत्येक बाई वळायची, सुपात तंबाखू आणि पानं, कारखान्यात माल पोचवायची घाई. घरात तंबाखू कायम असायचीच. सकाळी तव्यावर तंबाखू भाजून काळी करायची, कुटायची, डबीत भरायची. सकाळी एकदा, जेवण झालं की एकदा, दुपारी आळस आला की एकदा. बायका एकमेकींना डबी पुढे करत बसायच्या. तिला कुणीतरी सांगितलं होतं की मिसरीने दात घट्ट होतात आणि पोट साफ होतं. बाळंतपणात दाढ दुखली तेव्हा सुरू झालं आणि मग सुटलंच नाही. नुसते दात घासणं असतं तर ती दिवसात इतक्या वेळा का घासली असती? ती निकोटीनची तलफ होती, घरात कुणी तिला व्यसन म्हणत नव्हतं एवढंच.

भावाचं लग्न ठरलं तेव्हा आई मला हळूच म्हणाली, माझे काळे दात बघून व्याही काय म्हणतील, पांढरे करून आण कुठूनतरी. मी तिला केगावच्या डेंटल कॉलेजात घेऊन गेले. तिथल्या मॅडमनी रंगाचं काही बोलण्याआधी आईचा गाल आतून ताणून बघितला. ज्या बाजूला ती मिसरी धरून ठेवायची त्या बाजूला पांढरा, खरखरीत चट्टा होता. आईला काही जाणवतच नव्हतं, दुखत नव्हतं ना. त्यांनी सांगितलं, याला ल्युकोप्लाकिया म्हणतात, सगळ्यांचा कॅन्सर होतो असं नाही, पण काहींचा होतो, म्हणून तुकडा काढून तपासायचा. रिपोर्ट यायच्या आधीच्या रात्री आमच्या घरात कुणी झोपलं नाही.

रिपोर्ट चांगला आला. मिसरी बंद करायला सांगितली आणि ठरावीक महिन्यांनी दाखवायला बोलावलं. आईने बंद केली, फार जड गेलं तिला, डोकं दुखायचं, चिडायची. शेजारणींनी डबी पुढे केली की उठून आत जायची. चट्टा हळूहळू फिका झाला. नंतर स्केलिंग केलं तेव्हा काळे डाग बरेच गेले आणि भावाच्या लग्नाच्या फोटोंत ती खरंच हसतेय.

मुक्ताताई, तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर हेच: रंग बघायला गेलो म्हणून आईचा गाल कुणीतरी बघितला. पार्लरमध्ये गेलो असतो तर दात पांढरे झाले असते आणि चट्टा आत राहिला असता.

---

अविनाश_जुळे

लक्ष्मीताई, वाचून अंगावर काटा आला. आईंना नमस्कार सांगा. या वयात मिसरी सोडणं सोपं नाही.

---

डॉ_ऋता

लक्ष्मी, तुम्ही हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. हा प्रतिसाद मी माझ्या पेशंटना वाचून दाखवणार आहे, तुमची परवानगी असेल तर.

सगळ्यांसाठी: तोंडातला पांढरा किंवा लाल चट्टा, न भरणारी जखम, गाठ, यातलं काहीही दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकलं तर दाखवा. दुखत नाही म्हणून थांबू नका, सुरुवातीला ते बऱ्याचदा दुखतच नाही.

---

माढेकर_सुनील

डॉक्टर, अवांतर आहे पण विचारतो. मित्र मावा खातो, सुपारी-चुना-तंबाखू. हल्ली तिखट अजिबात सहन होत नाही आणि पाणीपुरी तोंडात जात नाही म्हणतो. आम्ही त्याला हसायचो. त्यालाही लाल-काळे दात साफ करायचेत.

---

डॉ_ऋता

सुनील, हसू नका, त्याला या आठवड्यात घेऊन जा. तोंड पूर्ण उघडून स्वतःची तीन बोटं उभी आत जातायत का ते बघायला सांगा. जात नसतील आणि तिखट झोंबत असेल तर सबम्युकस फायब्रोसिसची शंका घ्यावी लागते. सुपारीमुळे गालाची आतली त्वचा कडक होत जाते. तोंड एकदा बंद व्हायला लागलं की पूर्ववत होत नाही, थांबवता मात्र येतं. सुपारी सोडली तरच. यातही कॅन्सरचा धोका आहे.

महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण मावा टपरीवर समोर घोटून मिळतो आणि लोकांना तो घरगुती, निरुपद्रवी वाटतो. सोडायला मदत हवी असेल तर राष्ट्रीय हेल्पलाइन १८००-११-२३५६ फुकट आहे, तंबाखूच्या पुड्यांवरही छापलेली असते. दातांचे डाग मी नंतर हौसेने काढून देईन त्याचे.

---

माढेकर_सुनील

दोन बोटं जातात, तिसरं अडतं. उद्या सिव्हिलला नेतो. आभार.

---

पार्क_चौपाटी

सुनीलभाऊ, काय झालं ते इथं नक्की लिहा. सगळे वाट बघतोय.

---

आजोळ_रायचूर

माझा प्रश्न जरा वेगळा. मी आता सोलापुरात आहे, पण लहानपण रायचूरकडे आजोळी गेलं. बोअरचं पाणी. आम्हा सगळ्या भावंडांच्या दातांवर पांढरे ठिपके आणि तपकिरी पट्टे आहेत. कितीही घासलं तरी जात नाहीत. कॉलेजात पोरं म्हणायची दात घासत नाही का? फार लागायचं मनाला. हे व्हाइटनिंगने जाईल?

---

डॉ_ऋता

तो घासण्याचा दोष अजिबात नाही. रायचूर भागातल्या भूजलात फ्लोराइड जास्त असतं. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावं, दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत चालतं असं भारतीय मानक आहे. एनॅमल तयार होण्याच्या वयात, म्हणजे साधारण आठ वर्षांपर्यंत, त्याहून जास्त पोटात गेलं तर एनॅमलच तसं बनतं. त्याला फ्लोरोसिस म्हणतात.

नुसतं ब्लीच केलं तर सुरुवातीला पांढरे ठिपके आणखी उठून दिसतात, म्हणून घाई नको. सौम्य असेल तर मायक्रोअब्रेजनने वरचा अगदी पातळ थर काढून मग ब्लीच करतात. ठिपक्यांत रेझिन मुरवण्याची पद्धतही आहे. खूप खोल असेल तर व्हिनियर, म्हणजे दातावर चिकटवायचं पातळ आवरण. समोर बसून बघावं लागेल. आणि पुढच्या पिढीसाठी आजोळच्या बोअरचं पाणी तपासून घ्या. उकळून फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटल्याने वाढतं. आरओने कमी होतं.

---

सायली_विजापूररोड

माझ्या मुलाचा पुढचा एकच दात राखाडी पडलाय, लहानपणी सायकलवरून पडला होता. त्यालाही हेच करायचं का?

---

डॉ_ऋता

आधी एक्स-रे. मार लागून आतली नस मेली असेल तर दात असा काळवंडतो. रूट कॅनाल करून औषध दाताच्या आत ठेवून तेवढाच दात आतून उजळवता येतो. बाहेरून ब्लीच लावून उपयोग नाही.

---

शेंगाचटणी

मी क्लिनिकमध्ये व्हाइटनिंग करून घेतलंय, तेव्हा अनुभव लिहिते. आधी स्केलिंग झालं होतं. खुर्चीवर साधारण तासभर गेला. शेडची पट्टी दाताला लावून आधीचा आणि नंतरचा रंग दाखवला, त्या पट्टीवर १६ छटा असतात. फरक स्पष्ट होता. त्या रात्री मात्र दातांतून वीज गेल्यासारख्या कळा आल्या, मध्येच एकदम. डॉक्टरांनी आधीच कल्पना दिली होती आणि पोटॅशियम नायट्रेटची टूथपेस्ट दिली होती. दोन-तीन दिवसांत थांबलं.

सगळ्यात अवघड म्हणजे नंतरचे दोन दिवस. चहा नाही, कॉफी नाही, हळदीचं काही नाही. म्हणजे वरण नाही, भाजी नाही. दहीभात, इडली, दूध आणि ज्वारीची भाकरी. सासूबाईंनी पानात सवयीने चटणी वाढली आणि मी बघतच राहिले :)

रंग वर्षभर चांगला टिकला, मग चहामुळे थोडा उतरला. मला पैसे वाया गेले असं वाटत नाही. कळ येते हे माहीत असू द्या, आणि लग्नाच्या आदल्या आठवड्यात हा उद्योग करू नका.

---

कुलकर्णी_सर

एक विचारतो, कुणी राग मानू नये. दाताचा नैसर्गिक रंग पिवळसरच असतो हे डॉक्टरांनी वर लिहिलंच आहे. मग तो बदलायचा अट्टहास आपण मुलींवरच का लादतो? जाहिरातीतले दात कागदासारखे पांढरे असतात. मुलाकडच्यांनी कधी आपल्या मुलाचे दात मोजलेत का?

---

मुक्ता_होटगीरोड

सर, प्रश्न रास्त आहे, आणि मी तो घरी मांडलाही. पण इथे तिला कुणी सांगितलेलं नाही. होणाऱ्या नवऱ्याने तर तिला आहेस तशीच छान आहेस म्हणून सांगितलंय. तिला स्वतःला मोकळं हसायचंय. ही इच्छा मला छोटी वाटत नाही.

---

कुलकर्णी_सर

तसं असेल तर माझं काहीच म्हणणं नाही. तिला माझे आशीर्वाद सांगा.

---

माढेकर_सुनील

मित्राला दाखवलं. फायब्रोसिसच आहे, पण सुरुवातीचा टप्पा आहे म्हणाले. मावा बंद, तोंड उघडण्याचे व्यायाम दिलेत, औषधं सुरू केलीत. त्याच्या बायकोने टपरीवाल्याला जाऊन सांगितलंय की याला द्यायचं नाही. मीही सुपारी सोडली. डॉ. ऋता, तुमचे उपकार आहेत.

---

मुक्ता_होटगीरोड

मंडळी, रूपाभवानीच्या नवरात्रात बहिणीचं स्केलिंग करून आणलं. आज दोन आठवड्यांनी परत तपासणी झाली. रक्त येणं थांबलंय, हिरड्या गुलाबी आणि घट्ट दिसतायत, दाढ भरली. दात हलले नाहीत, हे आईला स्वतः हात लावून बघायला दिलं. आणि गंमत म्हणजे रंग आधीपेक्षा बराच उजळ झालाय, चहाचे डागच जास्त होते. बाबांचं बिलाचं म्हणणंही आता बंद आहे.

तिला तरी अजून थोडा फरक हवाय. डॉक्टर ट्रे देतायत. पण वरच्या पुढच्या एका दाताला कोपऱ्यात जुनं फिलिंग आहे, दाताच्याच रंगाचं. त्याचं काय होईल? आणि किती आधी सुरू करावं?

---

डॉ_ऋता

ऐकून फार बरं वाटलं. फिलिंग, कॅप, व्हिनियर यांचा रंग ब्लीचने बदलत नाही. आजूबाजूचा दात उजळला की ते फिलिंग वेगळं दिसेल. म्हणून आधी ब्लीच पूर्ण करायचं, मग दोन आठवडे थांबून नव्या रंगाशी जुळवून फिलिंग बदलायचं. थांबायचं दोन कारणांसाठी: रंग स्थिर होतो, आणि ब्लीचनंतर दातात उरलेल्या ऑक्सिजनमुळे फिलिंग नीट चिकटत नाही, तो निघून जायला वेळ द्यावा लागतो.

म्हणजे ट्रे दोन ते तीन आठवडे, त्यानंतर दोन आठवडे थांबणं, मग फिलिंग. हे सगळं हळदीच्या आधी आठवडाभर तरी संपलं पाहिजे. याच आठवड्यात माप द्या. जेल ट्रेमध्ये ठिपक्याएवढंच भरायचं, हिरडीवर आलं तर पुसायचं, कळ आली तर एक-दोन रात्री सोडून द्यायच्या. बुडालेला वेळ भरून काढायला दुप्पट जेल कधीच लावायचं नाही.

आणि आई? त्यांनी तपासून घेतलं का?

---

मुक्ता_होटगीरोड

माप उद्याच देतो. आई अजून म्हणते, तिचे नाही हलले, माझे हलतील. तिला शुगर आहे आणि घासताना तिच्याही हिरड्यांतून रक्त येतं, हे परवा पहिल्यांदा बोलली.

---

डॉ_ऋता

मग आईंना बहिणीच्याही आधी न्या. शुगर वाढली की हिरड्यांचा आजार वाढतो आणि हिरड्यांचा आजार असला की शुगर आटोक्यात ठेवणं अवघड जातं. शुगरचा ताजा रिपोर्ट बरोबर घ्या, चालू गोळ्यांची चिठ्ठी घ्या, आणि त्या दिवशी जेवण आणि गोळी चुकवू देऊ नका.

---

लक्ष्मी_साखरपेठ

मुक्ताताई, तुमच्या आईंना घेऊन जायचं ठरलं की मला निरोप करा. मी माझ्या आईला बरोबर पाठवते. तिचं स्केलिंग झालंय, दात शाबूत आहेत, ती समोर बसून सांगेल. बाईचं बाई ऐकते. केगावला जाणार असाल तर सकाळी लवकर निघा, केसपेपरला गर्दी असते.